सहा प्रती

पडद्यावरचा बाण हलला तेव्हा रागिणीचे दोन्ही हात मांडीवर होते. ती दचकली, आणि दचकल्याचा तिला रागही आला, कारण हे होणार हे ठाऊक होतं. तिनंच दोन मिनिटांपूर्वी स्क्रीनवरचा लांबलचक नंबर फोनवर वाचून दाखवला होता, आणि 'परवानगी द्या' असं लिहिलेल्या चौकोनावर स्वतःच्या बोटानं टिचकी मारली होती. घराची किल्ली आपणच काढून द्यायची आणि मग कोणी आत शिरलं म्हणून अंग चोरून बसायचं, याला काय म्हणावं! बाण कोपऱ्यात गेला, तिथं घुटमळला, मग सावकाश खाली आला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या तिच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, तिच्या शेजारी जणू एक परका माणूस खुर्ची ओढून बसला होता आणि समोर जे उघडं होतं ते पाहत होता. समोर तिची तक्रार उघडी होती. 'प्रति, मा. अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती.' खाली विषय, आणि विषयात टवलारे साहेबांचं नाव, हुद्द्यासकट. मग ती जीप, तो परतवाड्याहून परतीचा रस्ता, तिच्या मांडीवर पडलेला हात. सगळं तिनं एकेक शब्द टाइप करून लिहिलं होतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते, आणि ते तीन महिने उद्या शुक्रवारी संपत होते.

"मॅडम," फोनमधला आवाज म्हणाला, "ते पहिले बंद करून घ्या. मी काई वाचलं नाई."

वाचलं नाही म्हणे. विचारलं कोणी होतं? ज्यानं वाचलं नाही तो कशाला सांगत बसेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिनं घाईनं फाईल बंद केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ऑफिसचंच आहे. नमुन्याचं." फाईलचं नावही तिनं तेच ठेवलं होतं, 'गहू नमुना'. नवरा नितेश कधीकधी शाळेच्या प्रश्नपत्रिका करायला हा लॅपटॉप घेत असे, म्हणून. लॅपटॉप तसा घरचा नव्हताच. तो अमरावतीच्या सातपुडा बियाणे संघाचा, जिथं ती लेखनिक होती. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो इथलाच झाला. रोज तिच्याबरोबर बॅगेत बसून अकोला ते बडनेरा आणि बडनेरा ते अकोला असं अपडाऊन करायचा. त्याच्या पाठीवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता, त्यावर मदतीचा नंबर. तो नंबर नागपूरच्या ज्या कंपनीचा, तिचं बिल दर महिन्याला टवलारे साहेबांच्या सहीनं निघत असे. म्हणजे साहेबांवरची तक्रार छापायला ती साहेबांच्याच माणसाची मदत मागत होती. हे तिला सकाळीच कळत होतं. सकाळी तिनं ठरवलंही होतं की काही झालं तरी या नंबरला फोन करायचा नाही. दुपारी केला.

सकाळी नितेश शाळेत गेला आणि तिनं प्रिंटरवरचं फडकं काढलं. मुलीच्या, आकांक्षाच्या, प्रोजेक्टसाठी घेतलेला छोटा प्रिंटर. आकांक्षा पुण्याला शिकायला गेली आणि तो धूळ खात पडला. समितीला तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, तसा नियम. तिनं वायर जोडली, दिवा हिरवा झाला, तिनं सहाचा आकडा टाकला आणि रोजच्या सवयीनं छापायच्या दोन कळा दाबल्या. पडद्यानं सांगितलं, पाठवलं. प्रिंटर गप्प. कागदाचं टोकसुद्धा आत ओढलं गेलं नाही. तिनं पुन्हा दाबल्या. पाठवलं, म्हणाला. तिनं वायर काढून लावली, कागद काढून झटकले, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि परत दाबल्या. प्रत्येक वेळी तेच. ऑफिसातले बाबू जसे 'फाईल पुढे गेली' म्हणतात आणि ती फाईल कोणालाच भेटत नाही, तसं हे पाठवलं, पाठवलं. शेवटी शेवटी ती रागानं दाबत होती. आणि त्याच रागात पहिल्यांदा ते मनात आलं की हे एवढंच छापायचं नाही असं कोणी ठरवून तर ठेवलं नाही?

हातानं का लिहीत नाही, असं कोणीही विचारलं असतं. बसली होती ना. पंधरा दिवसांपूर्वी फुलस्केप घेऊन बसली होती. 'दि. रोजी मी' इथवर ठीक. मग 'साहेबांनी' लिहिलं आणि पेन थांबलं. पेनाला त्या जीपमधला प्रत्येक क्षण पुन्हा एकदा बोटांतून न्यावा लागत होता. टाइप करताना तसं होत नाही. बोटं कळा ओळखतात, मनाला मध्ये पडायचं कारण नसतं. इतकी वर्षं तिनं लोकांच्या बदल्या, निलंबनं, कारणे दाखवा नोटिसा अशाच तर टाइप केल्या होत्या. त्याच बोटांनी तिनं लिहिलं की ड्रायव्हर समोर बघत होता, की तिनं हात झटकला, की साहेब हसले आणि म्हणाले, "घरी सांगशीन तं तुह्यंच नाव खराब होईन." हे वाक्य तिनं अवतरणात टाकलं, साहेबांच्याच बोलीत. तेवढं टाइप झालं आणि ती उठून बाथरूममध्ये गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

मेल करता आला असता. पण ऑफिसच्या मेलचा पासवर्ड साहेबांच्या स्टेनोकडं, आणि स्वतःच्या मोबाईलवरून पाठवावा तर समितीच्या अध्यक्ष दामिनी मॅडमनी तो कुठं पुढं ढकलला हे कोणाला कळणार. दामिनी मॅडम लेखाधिकारी. पाण्याच्या फिल्टरशेजारी समितीचा फलक आहे, त्यावर सगळ्यात वर त्यांचं नाव. आणि नागपूरच्या मीटिंगला त्या साहेबांच्या गाडीत जातात. त्याच जीपमध्ये. जाताना काय बोलत असतील? की तिथंही कोणी काही बोलत नसेल आणि दामिनी मॅडमही खिडकीबाहेर पाहत असतील? हा दुसरा विचार आला की रागिणी तो लगेच झटकून टाकत असे. त्यावर विसंबून चालणार नव्हतं. कागद हातात द्यायचा, चार लोकांत द्यायचा, आणि पोच घ्यायची. मग तो कोणाच्या बापाला गिळता येत नाही.

प्रिंटर ऐकेना तेव्हा ती पेनड्राइव्ह घेऊन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं गेली. दुकान शाकीबचं, जुन्या शहरातला पोरगा, बोलायला गोड. त्यानं पेनड्राइव्ह लावला, 'गहू नमुना' उघडलं आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा पसरला. "दीदी, आपका फॉन्ट मेरे पास नहीं है," शाकीब म्हणाला. "पुराना फॉन्ट है ये. पीडीएफ बनाके लाओ, दो मिनट में निकाल के देता." त्याच्या पडद्यावर, त्या उकिरड्याच्या मागं, शंभर लोकांच्या फाईली पडलेल्या होत्या. कोणाचं आधार, कोणाची मार्कशीट, कोणाचा फारकतीचा कागद, सगळे नावासकट उघड्यावर. येतात, छापतात, निघून जातात आणि जीव मागं ठेवून जातात. पीडीएफ तिला करता येत होती. पण मग ती इथं राहणार होती, कोणालाही वाचता येईल अशी. "नंतर येते," ती म्हणाली आणि पेनड्राइव्ह ओढून घेतला. घरी येताना तिला वाईटही वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. त्याला वाचता आलं नाही. फॉन्टनं राखलं.

तो जुना फॉन्ट तिनं मुद्दाम वापरला होता. सगळं ऑफिस नव्या मराठीवर गेलं, पण तिच्या बोटांना टाइपरायटरच्या कळांची सवय, आणि हा फॉन्ट त्याच कळांवर बसवलेला. सवयीच्या आडून तिनं त्यात लपायची जागा शोधली होती. हे तिच्या रक्तातलंच. माहेर रिद्धपूरचं, घराणं महानुभाव पंथातलं. तिचे वडील रामराव शाळेत कारकून, पण पहाटे उठून पोथीची लिपी गिरवणारे. पूर्वीच्या लोकांनी आपलं ज्ञान परक्याच्या हाती पडू नये म्हणून अक्षरांच्या जागी अक्षरं बदलून लिपी केल्या, हे त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. "आपल्या जिवाचं जे आहे, ते आपल्याच मानसाले वाचता आलं पाह्यजे," ते म्हणत. लहानपणी ती मैत्रिणीला त्या लिपीत चिठ्ठ्या लिहायची आणि मैत्रिणीला वाचता यायचं नाही. त्यावर वडील खूप हसले होते. "ज्याले वाचता येत नाई त्याले लिहून काय कामाचं?" हे त्यांचं दुसरं वाक्य तिला पुष्कळ वर्षांत आठवलं नव्हतं. ते आज झेरॉक्सच्या दुकानातून परत येताना आठवलं आणि तिला ते आवडलं नाही.

मग तिनं पिवळ्या कागदावरचा नंबर लावला. आधी बासरी. मग एक बाई हिंदीत म्हणाली की आपका कॉल हमारे लिए बहुत महत्वपूर्ण है, आणि पुन्हा बासरी. एवढा महत्त्वाचा फोन असून उचलायला कोणी नव्हतं. शेवटी रोहित नावाचा एकजण आला. त्यानं वायर पाहायला लावली. दिवा कोणता लागला ते विचारलं. बंद करून चालू करायला सांगितलं. "केलं," ती म्हणाली. "मॅडम, मेरे सामने करो," तो म्हणाला, जसा काही तो समोर होता. मग एक अपडेट टाकायला लावलं. अपडेट झालं, फाईल उघडली, आणि तिच्या स्वतःच्या पडद्यावर तिची तक्रार उकिरडा होऊन पडली होती. "फाईल करप्ट है, मॅडम," रोहित जांभई देत म्हणाला. "डिलीट करके नया बना लो." असं? पंधरा दिवस एकेक वाक्य गिळत गिळत लिहिलेलं, आणि हा म्हणतो डिलीट करून नवं बनवा. तिनं फोन आपटला. मग स्वतःच सगळं निवडून पुन्हा जुना फॉन्ट लावला आणि अक्षरं परत मराठी झाली. सगळी होती का? एखादं वाक्य गेलं तर नाही ना? तिनं पहिल्यापासून वाचून काढलं. साहेबांचं अवतरणातलं वाक्य होतं तिथंच होतं. पण मनात रुतून बसलं ते बसलं. पहिल्याच माणसानं डिलीट म्हटलं. का म्हटलं असेल?

तासाभरानं पियुषचा फोन आला. तिनं केलेला नव्हता, त्यानंच केला. रोहितनं प्रिंटरची तक्रार वर पाठवली म्हणाला, सुटली नाही म्हणून. आणि हा हिंदी बोलत नव्हता. "मॅडम, बोला, काय होऊन राहिलं?" असं सरळ वऱ्हाडीत विचारलं आणि रागिणी जी सावध झाली ती झालीच. नागपूरच्या कंपनीत फोनवर वऱ्हाडी? दुसऱ्या कोणा बाईला तेवढ्यानं हायसं वाटलं असतं. परका माणूस परका असतो, त्याला आपलं घेणंदेणं नसतं. घात करतो तो ओळखीचा. "तुमी कोठचे?" तिनं विचारलं. "दर्यापूरकडचा," तो म्हणाला. टवलारे साहेबही दर्यापूरकडचेच. तिच्या तोंडून निघून गेलं, "टवलारे आडनाव आहे का तुमच्याकडं?" आणि निघून गेल्याबरोबर तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. "लय आहेत. काहून?" पियुषनं विचारलं. "सहज," ती म्हणाली. मग त्यानं नंबर मागितला, तिनं तो वाचून दाखवला आणि बाण हलला.

फॉन्टचा विचार तिला तेव्हा, बाण हलल्यावर सुचला. फॉन्ट दुसऱ्यांच्या मशीनवर राखतो. हा माणूस तर तिच्याच मशीनवर, तिच्याच पडद्यातून पाहत होता. तिची लिपी त्याच्यासाठी उघडी मराठी होती. इतकी साधी गोष्ट, आणि ती कळायला तिला इतका उशीर लागला.

"आता टेस्ट पेज टाकून पाहू," पियुष म्हणाला आणि पुढच्या क्षणी टेबलाच्या टोकाशी बसलेला तो मुका प्रिंटर घरघरला. कागद आत ओढला गेला आणि रंगीत पट्ट्यांचं पान गुपचूप बाहेर आलं. "निंगालं काय?" "निघालं," ती म्हणाली. प्रिंटर चांगला होता. शाई होती, कागद होता, वायर होती. त्याला फक्त तिची तक्रार छापायची नव्हती. नाही, प्रिंटरला कसलं आलंय मन. छापू द्यायची नाही असं कोणीतरी केलं होतं, आणि ते ज्याला करता येतं तो माणूस या क्षणी तिच्या लॅपटॉपात बसून होता. बाण इकडून तिकडं फिरत होता. त्यानं एक छोटी खिडकी उघडली. त्या खिडकीत एकाखाली एक, एकाखाली एक, तिच्या फाईलचं नाव होतं. गहू नमुना. गहू नमुना. गहू नमुना. खिडकी भरून खाली आणखी होतं.

"हे पाहा मॅडम, सापडलं," पियुष म्हणाला. "हे सगळं अठी येऊन बसलं. हे रद्द करून टाकू काय? मंग तुमाले—"

पुढचं तिनं ऐकलं नाही. इतक्या नकला. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं तिच्या तक्रारीच्या इतक्या नकला काढल्या होत्या, आणि आता मूळची रद्द करायला निघाला होता. पहिला डिलीट म्हणाला, हा रद्द म्हणतो. "कशालेच हात लावू नका," ती ओरडली. "मॅडम, ऐकून तं घ्या, तुमचा लॅपटॉप ऑफिसच्या—" तिनं फोन कापला, लॅपटॉपचं झाकण दाणकन आपटलं, आणि भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची पिन उपटली. मग पिन हातात धरून बराच वेळ उभी राहिली. घरात पंख्याचा आवाज होता आणि खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

संध्याकाळी नितेश आला. टेबलावरचा प्रिंटर पाहून म्हणाला, "काय छापून राहिली वो?" "नमुन्याचं," ती म्हणाली. तो हातपाय धुवायला गेला. त्याच्या पाठीकडं पाहत तिला एकदम वाटलं की सांगून टाकावं, आत्ता, पोळ्या लाटता लाटता. वीस वर्षांचा संसार. माणूस वाईट नाही. पण तो पहिला प्रश्न कोणता विचारेल हे तिला आधीच ऐकू येत होतं. तू त्या जीपमंदी बसलीच काहून? हा प्रश्न त्यानं विचारलेला नव्हता. तरी तीन महिने ती त्याच्यावर त्या प्रश्नासाठी रुसून होती, आणि त्या बिचाऱ्याला वाटत होतं की तिला पित्ताचा त्रास आहे. जेवताना त्यानं विचारलं, "गोळी घेतली काय?" ती हो म्हणाली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. बॅगेत लॅपटॉप होता आणि कोरे फुलस्केप होते. काय वाट्टेल ते होवो, ऑफिसात गेल्यावर बायकांच्या खोलीत बसायचं आणि हातानं लिहायचं, पेन थांबलं तर थांबलं, पुन्हा उचलायचं. मूर्तिजापूर गेलं आणि फोन वाजला. पियुष. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. मग संदेश आला. 'मॅडम, ऑफिसात लॅपटॉप चालू कराच्या आदी मले एक फोन करजा. महत्त्वाचं आहे.' तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला. आपण आज ऑफिसात जाणार, लॅपटॉप नेणार, हे याला कोणी सांगितलं? काल रजेवर होते हे याला ठाऊक. आज जाते आहे हेही ठाऊक. आणि आधी मला फोन करा. आधी म्हणजे कशाच्या आधी? सौदा होता हा, नाहीतर धमकी. तुमचं काय चाललंय ते मला कळलंय, आता आधी माझ्याशी बोला. दर्यापूरच्या ओळखीनं साहेबांना कालच फोन गेला असेल. साहेब आज केबिनमध्ये बसून हसत असतील. तिनं नंबर शोधून बंद केला. पुन्हा येणारच नाही असा बंद केला. शेजारची बाई तिच्या फोनमध्ये डोकावत होती असं वाटून तिनं तो पर्समध्ये टाकला. बाई झोपलेली होती.

ऑफिसात सगळं नेहमीसारखं होतं, आणि तेच तिला खोटं वाटलं. इंदूबाई शिपाई टेबलं पुसत होत्या. "बऱ्या आहा ना ताई?" असं त्यांनी विचारलं, त्यातही तिनं काही हुंगून पाहिलं. साहेब केबिनमध्ये होते, दार उघडं. केबिनच्या दाराशी हॉलमधलं मोठं छपाईचं मशीन. ते तिथंच ठेवायचं असा साहेबांचा हुकूम होता, कोण किती कागद उधळतं ते त्यांना दिसलं पाहिजे म्हणून. अकराच्या आत साठ्याचं विवरणपत्र द्यायचं होतं. ते पाठवून मग बायकांच्या खोलीत. तिनं लॅपटॉप काढला, झाकण उघडलं. ऑफिसचं वायफाय त्यानं सवयीनं आपोआप पकडलं. ती विवरणपत्र उघडत होती आणि हॉलच्या त्या टोकाला मशीन सुरू झालं. कोणीतरी काही काढत असेल. दामिनी मॅडम मशीनजवळ उभ्या होत्या, हातात व्हाउचरचा गठ्ठा, स्वतःच्या प्रिंटची वाट पाहत. त्यांनी आलेला कागद आपला समजून उचलला.

मशीन चाललंच होतं. एक पान, दुसरं, तिसरं, पुन्हा पहिलं. रागिणीनं मान वर केली ती दामिनी मॅडमच्या उभं राहण्यामुळं. त्या वाचत होत्या. व्हाउचर असं कोणी वाचत नाही. आणि मग तिच्या डोक्यात कालची ती छोटी खिडकी उघडली. एकाखाली एक, एकाखाली एक. कोणी नकला काढल्या नव्हत्या. त्या तिनंच दाबल्या होत्या, रोजच्या सवयीनं, रागानं, प्रत्येक वेळी सहा. घरचा प्रिंटर समोर ठेवून ती ऑफिसच्या मशीनला हुकूम देत बसली होती, आणि ते सगळे हुकूम लॅपटॉपच्या पोटात इथं येण्याची वाट पाहत बसले होते. तो पोरगा तेच रद्द करू म्हणत होता. आज सकाळी तेच सांगायला फोनवर फोन करत होता. वाचलं असेल त्यानं, नक्की वाचलं असेल. वाचलं म्हणूनच तर फोन करत होता. आणि तिनं त्याला बंद करून टाकलं होतं.

ती उठली. टेबलांमधून वाट काढत मशीनपाशी आली. तिला वाटलं, वायर उपटावी, कागद छातीशी धरावे आणि पळावं, स्टेशनपर्यंत पळत जावं. ट्रेमध्ये कागद साचत होते. सुबक, काळेभोर, एकही अक्षर इकडचं तिकडं न झालेलं तिचं मराठी. आवाजानं साहेब बाहेर आले.

"कोन छापून राहिलं हे एवढं? कागद काय फुकटचा येते?" असं म्हणत त्यांनी वरचं पान उचललं. चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला. हॉलमधल्या टंकलेखनाचा आवाज थांबला. साहेबांचे डोळे विषयाच्या ओळीवर गेले, खाली गेले आणि एका जागी थांबले. कुठं थांबले ते रागिणीला तिथूनही कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं रक्तच गेलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"इंदूबाई," ते म्हणाले, "मागचं बटन दाबा. बंद करा ते."

इंदूबाई फडकं तसंच हातात घेऊन मशीनच्या मागं गेल्या. बटणावर बोट ठेवलं आणि रागिणीकडं पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

"राहू द्या, इंदूबाई," रागिणी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "राहू द्या. सहा प्रती लागतात."

इंदूबाईंनी बोट काढून घेतलं. मशीन चालत राहिलं. साहेब पान हातात घेऊन उभे होते. ते ठेवावं की न्यावं हे त्यांना कळत नसावं. मग ते केबिनमध्ये गेले आणि आतून कोणाला तरी फोन लावल्याचा आवाज आला. रागिणीनं ट्रेमधून सहा प्रती मोजून वेगळ्या केल्या. दामिनी मॅडम अजून तिथंच होत्या, पहिली प्रत त्यांच्या हातात, वाचून संपलेली. त्यांनी शेवटचं पान वर केलं.

"खाली सही नाई तुमची," त्या म्हणाल्या आणि व्हाउचरवर अडकवलेलं पेन काढून पुढं केलं. "तारीख आजची टाका. उद्या नाई चालत."

यांना कसं माहीत की आज शेवटचा दिवस आहे? पेन घेताना रागिणीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. केबिनमधल्या फोनवर साहेब दबक्या आवाजात बोलत होते आणि दामिनी मॅडम तिकडं पाहत नव्हत्या. त्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. रागिणीनं मशीनच्या झाकणावरच कागद ठेवले, एकेक करून सहाही प्रतींवर सही केली, तारीख टाकली आणि म्हणाली, "पोच द्या."